तीन हप्ते

आमच्या घरातून सगळ्यात आधी गेले ते केकचे साचे. लग्नात भेट म्हणून आलेले ते साचे मी आजवर एकदाही वापरले नव्हते, त्यामुळे ते गेल्याचं मला कळलंच नाही. मग माळ्यावरचा तंबू गेला. नवऱ्याला एकदा डोंगरात जाऊन राहायची हौस आली होती, तेव्हाचा. मग लेकीचा बाळपणीचा टब, मग जुना पंखा, मग कधीच न जुळणारे सहा ग्लास. यातलं काहीही कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि येऊ नये अशीच व्यवस्था होती. घर आवरायला घ्यायचं ते मागून, पुढून नाही. नानांच्या धंद्याचा तो पहिला नियम.

नाना म्हणजे माझे सासरे. आयुष्यभर ते सामान हलवून देणाऱ्या एका कंपनीत पॅकर होते. लोकांची घरं खोक्यांत भरायची, ट्रकमध्ये चढवायची आणि दुसऱ्या गावी जशीच्या तशी उतरवायची. चौथ्या मजल्यावरून काचेचं कपाट जिन्याने खाली आणताना आतली बशी वाजू द्यायचे नाहीत, असा हात. मजुरी दर शनिवारी मिळायची, हप्त्याच्या हप्त्याला. त्यामुळे अख्खं जग आठवडा म्हणत असलं तरी नानांच्या तोंडी हप्ताच. ‘पुढच्या हप्त्यात दाढीचं पातं बदलतो’, ‘या हप्त्यात गुडघा बरा आहे.’ आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की त्यात काही वेगळं आहे हेच आम्ही विसरून गेलो होतो.

सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले. एक घडीची खाट, एक रेडिओ आणि बूट पॉलिशचं खोकं, एवढंच घेऊन. आले ते पाहुण्यासारखे, आणि राहिलेही पाहुण्यासारखेच. चहा पिऊन झाला की कप विसळायचे आणि तो हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे.

“सूनबाई, हा कुठे ठेवू?”

रोज तोच कप आणि रोज तीच फळी. मी मुळात तापट बाई. “नाना, त्या फळीला काय पाय फुटलेत रात्रीतून? काल ठेवलात तिथेच ठेवा ना!”

“धंद्याची सवय गं. दुसऱ्याच्या घरात विचारल्याशिवाय वस्तू ठेवायची नाही.”

दुसऱ्याच्या घरात! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा आणि ते मिशीत हसायचे. मला चिडवणं हा त्यांचा एकुलता एक छंद होता, असं मी समजत होते.

घर कर्जावर घेतलेलं. दोन खोल्या, एक हॉल आणि हॉलला पूर्वेकडची भलीमोठी खिडकी. मी पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करते, त्यामुळे मला घरं खिडक्यांवरून लक्षात राहतात. या घरातही मी खिडकी बघितली आणि बाकीचं नवऱ्याने बघितलं. तो छापखान्यात मशीनवर होता. छापखाना बंद पडला, मग तो दारोदार पार्सलं पोचवायला लागला आणि घरात येणारा पैसा निम्म्यावर आला. कर्जाचा एक हप्ता चुकला. बँकेचे फोन यायला लागले.

नवरा फोन पालथा घालायचा. फोन पालथा घातला की कर्जही पालथं पडतं, अशी त्याची समजूत असावी. माझं तोंड एरवी तोफेसारखं चालतं, पण या एका बाबतीत मीही मिठाची गुळणी धरून बसले. घर जातं म्हणजे नेमकं कधी जातं, कसं जातं, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं आणि कुणाला विचारायची छाती नव्हती. विचारलं की खरं होईल असं वाटायचं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी?

एका मंगळवारी संध्याकाळी लेक त्या फोनवर खेळत होती. घंटी वाजली, तिने उचलला आणि बोट कुठे लागलं कोण जाणे, बँकेतल्या बाईंचा आवाज हॉलभर झाला.

“तुमचा हप्ता थकलाय. असे तीन हप्ते गेले की आम्हाला घरावर कारवाई करावी लागेल. कृपा करून एकदा येऊन भेटा.”

नवऱ्याने झडप घालून फोन बंद केला. “काही नाही, चुकीचा नंबर,” म्हणाला. इतकं वाईट खोटं मी पहिल्यांदाच ऐकलं. नाना खिडकीशी बसून बुटांना पॉलिश करत होते. त्यांचा ब्रश थांबला, मग पुन्हा चालू झाला.

“आज वार कोणता?” त्यांनी विचारलं.

“मंगळवार,” मी म्हटलं.

“बरं,” म्हणाले, आणि दुसरा बूट घेतला.

त्यानंतर वस्तू जायला लागल्या. मला सुगावा लागला तो पडद्यांमुळे. थंडीचे जाड पडदे माळ्यावर असतात. त्यांना ऊन दाखवावं म्हणून मी चढले तर माळा स्वच्छ. पडदे नाहीत, तंबू नाही, काहीच नाही, जाळीसुद्धा झाडलेली. मी शिडीवर उभी राहून विचार केला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला: नवरा चोरून वस्तू विकतोय. हप्ता भरायला! मला सांगायची लाज वाटत असेल. एरवी भांडायला उठले असते ती मी काही न बोलता खाली उतरले आणि त्या रात्री त्याच्या आवडीची भाजी केली.

पुढे कळलं की नवऱ्याला नेमकी हीच शंका माझ्याबद्दल होती. तोही गप्प राहिला आणि दुसऱ्या दिवशी न सांगता माझी शिवणाची कात्री धार लावून आणली. दोघंही एकमेकांकडे असे भरल्या डोळ्यांनी बघत फिरत होतो की लेकीने विचारलं, “तुम्हाला सर्दी झालीय का?” मी तर माझा मिक्सर मुद्दाम ओट्याच्या कडेला आणून ठेवला, बिचाऱ्याला उचलायला सोपा जावा म्हणून. तो मात्र कुणी नेला नाही. रोजच्या वापराची वस्तू शेवटच्या दिवशी, हा धंद्याचा दुसरा नियम.

पार्सलांवर नवऱ्याचा दिवस जायचा, शिवणावर माझा आणि शाळेत लेकीचा. दुपारभर घर नानांचं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. इथे कुत्रं बिचारं पीठ खात नव्हतं, नीट पिशवीत भरून ठेवत होतं.

आणि मग तो सोमवार. दुकानात वीज गेली म्हणून मी दुपारीच घरी आले. किल्लीने दार उघडलं आणि उंबऱ्यातच थबकले. भिंतीवर एक फोटो नाही. खिळेसुद्धा उपटलेले आणि भोकं बुजवून वर रंगाचा हात मारलेला. फरशी आरशासारखी पुसलेली. हॉलच्या मधोमध दोरीने बांधलेली खोकी, आणि सगळ्यात वर माझा मिक्सर, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला. नानांचा पत्ता नाही.

माझी हाक ऐकून समोरच्या मास्तरीणबाई बाहेर आल्या. “नाना बँकेत गेलेत. किल्ली द्यायला. मला सांगून गेले की मुदत उद्याची आहे, पण एक दिवस आधी दिलेली बरी दिसते.”

“कसली मुदत?”

“ते तुम्हालाच माहीत असेल, बाई,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं.

मी तशीच पळाले. गळ्यातली मोजायची टेप काढायचंही भान नव्हतं. बँका कशा चालतात ते मला ठाऊक नाही, पण आपण होऊन किल्ली दिली म्हणजे आपण होऊन घर दिलं, एवढं मलाही कळत होतं. नाना कुणाच्या हातात वस्तू देताना दोन्ही हातांनी देतात. ती किल्ली ते पुसून, वर आभार मानून देणार, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

नाना कर्जाच्या टेबलासमोर खुर्चीच्या कडेवर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. समोर एक तरुण बाई, नाकाला रुमाल लावलेला. आवाजावरून ओळखलं, फोनवरची तीच. दोघांच्या मधे टेबलावर आमच्या घराची किल्ली.

“आजोबा, ही किल्ली कशाला आणलीत पण?” ती विचारत होती.

“उद्या तीन हप्ते पुरे होतात ना. घर झाडून-पुसून ठेवलंय. खिळे काढून भोकं बुजवलीत, नव्या माणसाला त्रास नको. तेवढी चार खोकी आज संध्याकाळी निघतील.”

“कुठले तीन हप्ते पुरे होतात?”

“तुम्हीच म्हणालात फोनवर. मंगळवारी. तीन हप्ते गेले की घर जाणार. मी शनिवार मोजून ठेवलेत.”

मी कपाळावर हात मारला. तो आवाज इतका मोठा झाला की दोघांनी वळून बघितलं.

“नाना! अहो, तो हप्ता म्हणजे आठवडा नाही! कर्जाचा हप्ता! महिन्याला एक!”

“महिन्याला एक हप्ता?” नाना म्हणाले. “मग त्याला हप्ता का म्हणतात?”

ती बाई हसायला गेली आणि तिला शिंकांची माळच लागली. मी झडप घालून किल्ली उचलली आणि मुठीत घट्ट धरली. मग नानांच्या शेजारची खुर्ची ओढून बसले.

“हे बघा आजोबा,” नाक पुसून ती म्हणाली, “तीन महिन्यांचे हप्ते चुकले की खातं बुडीत धरतात. तरी लगेच घर जात नाही. मग आम्ही नोटीस पाठवतो, तिला दोन महिन्यांची मुदत असते. त्यात भागलं नाही तर ताब्याची नोटीस. मग घराची किंमत करायची, लिलावाची जाहिरात द्यायची, तिला आणखी महिना. मधेच कुणी कोर्टात गेलं तर विचारूच नका. वर्ष जातं, कधी दीड. आणि लिलावाची जाहिरात निघायच्या आधी केव्हाही थकबाकी भरली तर घर तुमचंच.”

नाना सगळं मान हलवत ऐकत होते. शेवटी म्हणाले, “दीड वर्ष? बाई, आम्ही चार माणसं दोन दिवसांत अख्खा बंगला रिकामा करायचो.”

“आम्हाला जमत नाही म्हणून वेळ लागत नाही हो. कायदाच तेवढा वेळ देतो, माणसाला वाट काढता यावी म्हणून. पण लोक तो वेळ लपण्यात घालवतात. फोन उचलत नाहीत. शेवटी येतात तेव्हा माझ्या हातात काही उरलेलं नसतं.” ती माझ्याकडे वळली. “या कर्जासाठी मी किती फोन केले असतील. तुमच्या घरातून पहिल्यांदा चालत आले ते हे आजोबा. तेही किल्ली द्यायला.”

मी टेपची गुंडाळी करत बसले.

“तुम्हाला घर सोडायचंय का?” तिने विचारलं.

“नाही!” मी इतक्या जोरात ओरडले की पैसे भरायच्या रांगेतली माणसं वळली.

“मग यजमानांना बोलवा.”

नवरा आला तो पार्सलवाल्याच्या जॅकेटमध्ये, काखेत हेल्मेट. आधी बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग जमिनीकडे. बाईंनी त्याला काही ऐकवलं नाही, याबद्दल मी तिला आयुष्यभर दुवा देईन. तिने मुदत वाढवून हप्ता लहान करायचा मार्ग सांगितला, सुरुवातीचे काही महिने नुसतं व्याज. मंजुरी वरून यावी लागेल, पण अर्ज आजच्या आज पाठवते म्हणाली. नवऱ्याने सहीसाठी पेन घेतलं. नानांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो सही होईपर्यंत काढला नाही.

“आता हा हप्ता किती दिवसांचा?” निघताना नानांनी खात्री करून घेतली.

“महिन्याचाच, आजोबा.”

“लिहून ठेव रे,” ते नवऱ्याला म्हणाले.

मंजुरी येईपर्यंत नानांनी एकही खोकं सोडू दिलं नाही. ‘मालकाचं नक्की झाल्याशिवाय गाठ सोडायची नाही’, हा तिसरा नियम. आम्ही खोक्यांवर बसून जेवलो आणि मिक्सर टॉवेलातच राहिला. पण मी आणि नवरा रोज बोलत होतो. केकच्या साच्यांवरून, तंबूवरून, कात्रीवरून हसत होतो. कोण कुणाला चोर समजत होतं ते सांगताना तो हसता हसता रडला, आणि मीही.

मंजुरी आली तशी आम्ही रविवारी सामान आणायला निघालो. नानांचा जुना सोबती, कंपनीचा ट्रकवाला, गावाबाहेर राहतो. त्याच्या गॅरेजमध्ये नानांनी हातगाडीवरून खेपा घालत सगळं नेऊन ठेवलं होतं, तो दुखरा गुडघा घेऊन. ट्रकवाले काकांनी दार वर सरकवलं आणि आम्ही बघतच राहिलो. खोकी भिंतीला लावून ओळीने, प्रत्येकावर खडूने खूण. लेकीचं एका बाजूला, हाताशी येईल असं. नवऱ्याच्या छापखान्यातल्या वस्तू एका बाजूला. माझे पडदे कापडात गुंडाळून वर टांगलेले, घडी पडू नये म्हणून. माझ्या आईने दिलेली, मी हरवली असं समजून बसलेली चिनी मातीची बरणीसुद्धा तिथे पेंढ्यात नीट बसवलेली होती.

मी एकेक खूण वाचत गेले. शेवटपर्यंत गेले, परत मागे आले.

“नाना, तुमचं सामान कुठाय?”

“माझं कसलं सामान?”

“रेडिओ. पॉलिशचं खोकं. कपडे.”

“ते घरीच आहे,” ते म्हणाले. मग डोळे मिचकावले. “हमालाचं सामान ट्रकमध्ये चढत नाही, सूनबाई.”

मी हसले असते. पण ट्रकवाले काका मान खाली घालून उभे होते आणि ते काही हसले नाहीत.

“सांग ना तिला,” ते नानांना म्हणाले. नाना एका खोक्याची दोरी आवळायला लागले, तेव्हा काकांनीच सांगितलं. “पलीकडच्या गोदामात पहारेकऱ्याची खोली आहे. एका खाटेपुरती. ती याने बोलून ठेवली होती, स्वतःसाठी.”

“तू गप्प बस रे,” नाना म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, “भाड्याची खोली लहान असते गं. मी जन्मभर बघितलंय. मोठ्या घरातली माणसं लहान घरात उतरली की पहिलं भांडण जागेवरून. एक खाट कमी असली की तेवढीच पोरीला पाय पसरायला जागा.”

मला राग आला. इतका राग मला नवऱ्याचा कधी आला नाही, बँकेचा आला नाही. हा माणूस तीन आठवडे आमच्या प्रत्येक बशीला कागद गुंडाळत होता, माझ्या पडद्याला घडी पडू नये म्हणून जपत होता, आणि त्या सगळ्यात स्वतःला कुठेच धरत नव्हता. मला रडू फुटलं आणि रडता रडता मी ओरडले, कारण मला दुसरं काही येत नाही.

“एक खोकं उचलायचं नाही! कुणी हात लावायचा नाही! काका, ट्रक काढा. आधी घरी चला.”

“रिकामा?” काकांनी विचारलं.

“रिकामा!”

रिकामा ट्रक घेऊन आम्ही घरी आलो. मी वर गेले. नानांची खाट घडी करून नवऱ्याकडे दिली, कपडे लेकीकडे, पॉलिशचं खोकं काखेत मारलं आणि रेडिओ छातीशी धरून जिना उतरले. सगळं ट्रकमध्ये चढवलं. मास्तरीणबाई खिडकीतून बघत होत्या, बघू देत. ते सामान घेऊन ट्रक परत गॅरेजला गेला, तिथे बाकीचं भरलं, आणि सगळं एकत्र बांधून आम्ही घरी आणलं. इंधनाची निव्वळ नासाडी, असं नवरा म्हणाला. मी नुसतं बघितलं त्याच्याकडे.

ट्रक थांबला तशी मी आधी नानांचा रेडिओ काढून त्यांच्या हातात दिला.

“चढलं की नाही हमालाचं सामान?” मी म्हटलं. “आता उतरवा.”

ते रेडिओ घेऊन वर आले. हॉल मोकळा होता, पूर्वेच्या खिडकीतून उजेड येत होता. दारात पोचल्यावर सवयीने थांबले आणि त्यांनी विचारलं, “सूनबाई, हा कुठे ठेवू?”

“मला काय विचारता? घर तुमचं आहे. तुम्ही ठरवा.”

लेक काहीतरी बोलायला गेली तर नवऱ्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग नाना आत आले, बूट न वाजवता, आणि सरळ खिडकीशी गेले. खिडकीच्या कट्ट्यावर, अगदी मधोमध, माझी फुलदाणी असते. मंजुरी आल्यावर मी सगळ्यात आधी तीच खोक्यातून काढून तिथे ठेवली होती. त्या जागेला मी लेकीलाही हात लावू देत नाही. ते तिच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मी ओठ आवळून धरले.

त्यांनी फुलदाणी उचलली, तिच्या जागी रेडिओ ठेवला, जरा डावीकडे सरकवला आणि फुलदाणी आणून माझ्या हातात दिली. दोन्ही हातांनी.

“ही कुठे ठेवायची,” ते म्हणाले, “ते तू बघ.”